दोन दशांश मिलिमीटर

फळी बसेना. डावं टोक तारेवर अडकवलं की उजवं वर यायचं, उजवं दाबलं की डावं निसटायचं. नेदरलँड्समधल्या डोर्डरेख्त गावातल्या त्या घरात ऐंशी पार केलेल्या आजी खुर्चीतून बघत होत्या, नात मोबाइलवर व्हिडिओ काढत होती आणि ऐन नोव्हेंबरात मला घाम फुटला होता.

वस्तू म्हणजे टोमाडोची भिंतीवरची रॅक. काळ्या तारेच्या दोन अरुंद शिड्या, त्यांच्यात अडकवायच्या रंगीत पत्र्याच्या फळ्या. नवऱ्याच्या नोकरीपायी आमस्टेलवेनला आले, जुन्या फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये चिकटले आणि पहिल्यांदा ही रॅक पाहिली तेव्हा तोंडून निघालं, "अगं बाई, ही तर मांडणी!" आपली ताटं-वाट्यांची, डच लोकांची पुस्तकांची, एवढाच फरक. १९२३ साली फान डर तोख्त भावांनी सुरू केलेली ही कंपनी. आडनाव, मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या मालासाठीचा डच शब्द आणि डोर्डरेख्त गाव यांची अक्षरं जुळवून झालं टोमाडो. त्यातल्या यानच्या नावाचं कलासंग्रहालय आमच्या आमस्टेलवेनमध्ये आहे. रॅक डेकर नावाच्या डिझायनरची, १९५०च्या दशकाच्या अखेरची. स्वीडनमध्ये स्ट्रिनिंग यांनी १९४९ साली तारेच्या शिड्यांची ‘स्ट्रिंग’ आणली, पण तिच्या फळ्या लाकडी. ही सगळी पत्र्याची आणि खिशाला परवडणारी. युद्धानंतरच्या लहान घरांतून ती सर्रास लागली. आता विक्रेते तिला ‘मोंद्रियान रॅक’ म्हणून विकतात. लाल-पिवळ्या-निळ्या चौकोनांची चित्रं काढणारा हा डच चित्रकार १९४४ सालीच गेला, पण लाल-पिवळं-निळं दिसलं की किंमत दुप्पट करायला तेवढं नाव पुरतं.

नातीला ती ‘अगदी नव्यासारखी’ हवी होती. आमच्या बॉसचा नियम आहे की मूळ रंग धरून असेल तर हात लावायचा नाही. इथे मात्र कुंड्या ठेवून ठेवून पिवळ्या फळीवर गंजाची गोल कडी उठली होती (लोकांना पत्र्यावर कुंडी ठेवायची काय हौस असते!), म्हणून तोही हो म्हणाला.

काम मी मन लावून केलं, हे सांगणारच. सॅंडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा मारा करून रंग उडवणं, केलं नाही, इतक्या पातळ पत्र्याला ते लाटा आणतं. त्या काळच्या पिवळ्या-लाल रंगांत शिसं असू शकतं, म्हणून आधी तपासलं, मग हातमोजे-मास्क चढवून रसायनानं रंग सोडवला. नवी छटा जुळवायला फळीच्या दुमडलेल्या कडेची आतली बाजू धरली, जिथे साठ वर्षांत ऊन पोचलेलं नव्हतं. वरचा लाल वीटकरी झालेला, आतला ताज्या गाजरासारखा. तो मिळेपर्यंत रंगवाल्याला तीन नमुने परत पाठवले. मग पावडर कोटिंग: विजेच्या भारानं पत्र्याला चिकटलेली कोरडी पूड १८० ते २०० अंशांच्या भट्टीत वितळते आणि काचेसारखी एकसंध बसते. फळ्या आल्या तेव्हा बॉससुद्धा शिट्टी वाजवून गेला.

आणि इथेच माती खाल्ली. ही पूड बसते साधारण ८० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे ८० हजारांश, जाड. मूळचा भट्टीत भाजलेला रंग त्याच्या निम्म्याहून पातळ. तार चारी बाजूंनी फुगते, तिच्यावर बसणारी खाच दोन्हीकडून आवळते. जुन्या रंगाची जाडी वजा केली तरी खाच न् तार मिळून दोन दशांश मिलिमीटर खातात. उपाय कोणालाही ठाऊक आहे: भट्टीआधी खाचांना उष्णता सोसणारी टेप लावायची. जॉब-कार्डावर मी तसं लिहिलंही होतं. नंतर स्वतःच खोडलं, कारण टेपेखालचा उघडा पत्रा फोटोत दिसला असता. पुण्यात मेकॅनिकलच्या डिप्लोमाला ‘लिमिट्स अँड फिट्स’मध्ये, म्हणजे एक भाग दुसऱ्यात किती घट्ट-सैल बसावा या विषयात, वर्गात पहिली आलेली मी. बरं, वर्कशॉपमध्ये एकदा जोडून तरी पाहावी? तेही नाही.

"रबरी हातोडी आहे गाडीत," मी म्हणाले.

"हातोडी नको," आजी म्हणाल्या. "पाच घरं बदलली आम्ही हिच्यासकट. हातोडी कधी लागली नाही."

त्या उठल्या, टेबलाच्या खणातून नखं घासायची कानस काढली, लाल फळी माझ्या हातून घेऊन मांडीवर आडवी धरली आणि खाचेत कानस घालून घासू लागल्या. माझा तीन नमुन्यांनंतर मिळालेला लाल रंग त्यांच्या काळ्या स्कर्टवर भुकटी होऊन पडत होता. नातीनं मोबाइल खाली घेतला. मी म्हणाले, "तिथे गंज धरेल."

"मग पुसेन."

दुसरी खाच घासून झाल्यावर त्यांनीच फळी तारेवर टेकवली आणि तळव्यानं एकदा दाबली. टक्. त्यांनी कानस माझ्यापुढे धरली. राहिलेल्या चार फळ्यांच्या आठ खाचा मी जमिनीवर बसून घासल्या. तासभर लागला. मध्ये त्यांनी कॉफी दिली आणि पिवळी फळी हातात घेऊन विचारलं, "ती कडी कुठे गेली?" मी सांगितलं, गंज होता, काढला. त्यांनी "हं" केलं आणि फळी परत दिली. ते "हं" कसलं, हे मला अजून उमगलेलं नाही.

बॉसला मी फक्त ‘फिटिंगला वेळ लागला’ एवढंच सांगितलं. आमच्या वेबसाइटवर ह्या कामाचा जो फोटो आहे तो आदल्या दिवशीचा आहे: पाच फळ्या, टेबलावर ओळीनं, सुट्या.