एकाच आकड्याच्या दोन जागा

डोंगरवाटांवर पायी आणि सायकलने जाणाऱ्या गटांना घेऊन जाणं हे माझं काम. थंडीतल्या त्या दुपारी सगळे मुक्कामी पोचले, एक सायकलस्वार सोडून. फाट्यावर वाट चुकून उतारावर पडला होता, पाय मुरगळला होता. कॉल लागेना, पण त्याचा एसएमएस आला: अक्षांश, रेखांश आणि ‘बॅटरी संपत आलीय’. रेंज इतकी कमी असली तरी जीपीएसचं काही अडत नाही. फोन सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संकेत फक्त ऐकतो, त्याला टॉवर लागत नाही.

सहकाऱ्याने आकडे हँडहेल्ड जीपीएसमध्ये भरले. बिंदू पडला डोंगराच्या धारेच्या उत्तर उतारावर. दोर, प्रथमोपचार पेटी, सगळं तयार झालं. तेवढ्यात दुसरा मेसेज: ‘अजून अंगावर ऊन आहे, खाली ओढ्याचा आवाज येतोय.’

मी नकाशा पुन्हा उघडला. उत्तरेकडे समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) एकमेकींना चिकटलेल्या, म्हणजे जवळजवळ सरळ कडा. ओढा नाहीच, आणि त्या बाजूला केव्हाच सावली आलेली. कड्यांवर आपटून येणाऱ्या संकेतांमुळे जीपीएस चुकतं हे खरं, पण म्हणून माणूस धार ओलांडून पलीकडे दिसेल, हे मला पटेना.

अक्षांशात अंशांनंतर 18.40 होतं. आमचं यंत्र अंश-मिनिटं-सेकंदांवर लावलेलं, म्हणून सहकाऱ्याने ते 18 मिनिटं 40 सेकंद असं भरलं होतं. मी विचारलं, ‘18.40 च्या पुढे स्क्रीनवर कोणती खूण आहे?’ उत्तर आलं: ‘एक छोटी तिरपी रेघ.’ एक रेघ म्हणजे मिनिटं. ही दशांश मिनिटं होती, म्हणजे 18 मिनिटं आणि 60 सेकंदांचे 0.40, म्हणजे 24 सेकंद. अक्षांशाचा एक सेकंद जमिनीवर साधारण 31 मीटर. फरक 16 सेकंदांचा, जवळपास अर्धा किलोमीटर. रेखांशही तसाच दुरुस्त केला. नवा बिंदू धारेच्या दक्षिणेला, ओढ्याच्या थोडा वर पडला.

त्याला कळवलं: डेटा बंद कर, स्क्रीन मंद कर, फोन जॅकेटच्या आत अंगाशी धर. गारठ्यात लिथियम बॅटरी दगा देते, शिवाय दिवसभर त्याचा फोन हँडलवर स्क्रीन चालू ठेवून वाट दाखवत होता. लांबच्या वाटेवर बटणांचं, सेल बदलता येणारं यंत्र सोबत हवंच, असं मी म्हणतो ते याचसाठी. भिजलेल्या बोटांनी टचस्क्रीन नीट चालत नाही, बटणं हातमोजे घालूनही दाबता येतात.

आम्ही दक्षिणेच्या वाटेने गेलो. शिट्टीला शिट्टीने उत्तर मिळालं तेव्हा बिंदू यंत्रात 40 मीटरवर दिसत होता. त्याचा फोन बंद पडलेला होता. पाय बांधला आणि अंधार पडायच्या आत त्याला आधार देत खाली आणलं.

आता निघण्याआधी मी सगळ्यांचे फोन आणि यंत्रं दशांश अंशांवर, म्हणजे मिनिटं-सेकंद नसलेल्या एकाच पद्धतीवर लावून घेतो.