आप्पांच्या बंदुकीचा फोरेंड

भाऊबीज उरकून सोमवारी, 4 नोव्हेंबर 2024 ला, आमच्या बंदुकीच्या दुकानाचं शटर वर केलं आणि दिवा लावायच्या आधीच मागच्या खोलीत उजेड दिसला. बाजूच्या भिंतीला माणूस सरपटत येईल एवढं भगदाड. पलीकडचा गाळा वर्षभर रिकामाच होता.

बंदुकीच्या दुकानात दिवसभर बंदुका विकल्या जातात असं लोकांना वाटतं. विक्री महिन्यात दोन-चार. बाकी वेळ जातो रजिस्टरात आणि कुलपांत. डिसेंबर 2017 मध्ये चांदवडजवळ पोलिसांनी एक जीप पकडली. आत रायफली, रिव्हॉल्व्हर आणि 4 हजारांवर काडतुसं होती, उत्तर प्रदेशातल्या बांद्याच्या बंदुकीच्या दुकानातून चोरलेली. ती बातमी वाचून आमच्या शेठनी मागच्या भिंतीला आणि छताला आतून लोखंडी प्लेटा मारून घेतल्या. बाजूची भिंत राहिली. 'शेजारी दुकान आहेच की,' म्हणाले.

पण आमची खरी राखण वेगळीच. रोज संध्याकाळी प्रत्येक रायफलीचा बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा सरकता दांडा, काढून नंबराचा टॅग बांधून तिजोरीत. डबल बॅरल बाराबोरचा, म्हणजे दोन नळ्यांच्या छऱ्याच्या बंदुकीचा, फोरेंड, म्हणजे नळ्यांखाली डाव्या हातात येतो तो लाकडी तुकडा, तोही काढायचा. तो नसला की बंदूक उघडताच नळ्या निखळून हातात येतात आणि हॅमरलेस, म्हणजे काडतुसावर घाव घालणारे घोडे आत लपलेली, असेल तर ते घोडेच चढत नाहीत. सतरा वर्षांत एका संध्याकाळीही मी हे चुकवलेलं नाही.

स्ट्राँगरूम शाबूत होती. गेल्या त्या मागच्या खोलीत साखळीला ओवलेल्या दोन बाराबोर, दोन्ही लोकांनी जमा केलेल्या. साखळीच कापली होती. आचारसंहितेत जमा हत्यारांची रीघ लागली आणि स्ट्राँगरूममध्ये जागा उरली नाही. हत्यार जमा करा म्हणून आदेश निघतो. ते ठेवायला जागा आहे का, हे पाहायला कोणी फिरकत नाही. पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी आधी रजिस्टर मागितलं. दहा मिनिटांत दोन्ही नंबर, मालक, जमा पावत्या मी त्यांच्यापुढे ठेवल्या. एक ओळ खाडाखोड नव्हती.

तरीही झोप लागत नाही ती गजरामुळे. भिंतीला हादरा बसला की वाजणारा गजर आहे आमच्याकडे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी प्रत्येक सुतळी बॉम्बला तो बोंबलत होता. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तान्हं बाळ आहे म्हणून हात जोडले. मी तो बंद केला. भाऊबीजेपर्यंत बंदच राहिला. शेठना हे त्याच सकाळी सांगितलं, जबाबातही लिहून दिलं. पण त्या दोन दिवसांतच चोर कसे आले? त्यांना गजराचं ठाऊक होतं, की फटाक्यांच्या आवाजात छिन्नी-हातोडा ऐकू जाणार नाही एवढाच हिशेब होता?

चोरीला गेलेल्या दोनांतली एक बंदूक आप्पांच्या वडिलांची. आप्पा बाजाराच्या दिवशी येतात, बाकड्यावर बसतात. मी न विचारता तिजोरीतून त्यांचा फोरेंड काढून देतो. ते धोतराच्या सोग्याने तो पुसतात. वडिलांच्या अंगठ्याने एका जागी लाकूड गुळगुळीत झालंय, तिथे स्वतःचा अंगठा ठेवून पाहतात.

"बाकीची गावली की जोडायला लागंल. नीट ठेव रे पोरा."

"ठेवतो, आप्पा."

गजराचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.