क्लेव्हानचा बोगदा आणि बाबांचे पाच फूट

युक्रेनमधल्या क्लेव्हानच्या ज्या हिरव्या कमानीचे फोटो ‘प्रेमाचा बोगदा’ म्हणून फिरतात, ती प्रत्यक्षात प्लायवुडच्या कारखान्याची साइडिंग, म्हणजे मालगाडीचा फाटा आहे. मला हे तिथे पोचल्यावर कळलं.

तेर्नोपिलला मेडिकलला होते तेव्हाची गोष्ट, २०१९चा जून. मैत्रिणीबरोबर बसने रिव्हनेला गेले आणि तिथून लुत्स्कच्या रस्त्याला मार्श्रुत्का धरून क्लेव्हानला उतरले. मार्श्रुत्का म्हणजे तिकडची वडापच. क्लेव्हानला चार्तोरिस्की घराण्याचा पडका वाडा आहे, शिवाय रिव्हने–कोव्हेल मार्गावरचं स्टेशन. हा मार्ग १८७३चा. त्याला फुटलेला एक फाटा झाडांतून शेजारच्या ओर्झिवला जातो, तिथल्या लाकूड कारखान्यापर्यंत.

आत शिरल्याबरोबर डासांनी घेरलं. फोटोत डास दिसत नाहीत, एवढंच सांगते.

अर्ध्या वाटेत भोंगा ऐकू आला. आम्ही बाजूच्या झुडपात घुसलो. डिझेल इंजिन अगदी सावकाश आलं, मागे मालाचे डबे, आणि डब्यांच्या कडेला फांद्या खरखरत घासत गेल्या. तेव्हा लक्षात आलं की कमान कोणी माळी कापत नाही, गाडीच कापते. कारखाना बंद पडला तर चार-पाच पावसाळ्यांत जंगल हे भोक बुजवून टाकेल. (सोव्हिएत काळात लष्करी तळ लपवायला झाडं लावली, असंही सांगतात. मला गाडीवालं कारण पुरतं.)

माझे बाबा सुतार. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर त्यांना फोटो दाखवले. झाडांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

“अगं, प्लाय कशाचं करतात तिकडे?”

“बर्चचं. ओंडका वाफवून सोलतात म्हणे, पेन्सिलला टोक काढल्यासारखा.”

“आणि रेषा आडव्या-उभ्या, थरांची संख्या विषम. ते सगळीकडे तेच. माप काय?”

आमच्या वसतिगृहाच्या दुरुस्तीला आलेला प्लाय चौकोनी होता, १५२५ बाय १५२५ मिलिमीटर. ते ऐकून बाबा चक्रावले. आठ बाय चार फूट सोडून प्लाय असतो, हेच त्यांना पटेना. मग मी सहज म्हटलं, रूळसुद्धा साधारण तेवढ्याच अंतरावर आहेत, १५२०.

बाबांनी कानामागची पेन्सिल काढली, कशावर तरी आकडेमोड केली.

“पाच फूट,” म्हणाले. “दोन्ही पाच फूट.”

शोधलं तर खरंच. रशियन साम्राज्याच्या रुळांचं मूळ माप नेमकं पाच फूट, म्हणजे १५२४. पुढे सोव्हिएत काळात चार मिलिमीटर कमी केले.

२०२४ साली युक्रेनने ‘शहरी वळणाची वस्ती’ हा सोव्हिएत दर्जाच रद्द केला. आता क्लेव्हान आणि ओर्झिव दोन्ही नुसती ‘सेलिश्चे’, म्हणजे वस्ती. हे बाबांना सांगितलं, तर म्हणाले, “ते असू दे. प्लायचं माप बदललं का?”