गोंयच्या सायबाकडे, मायशिवाय

सावंतवाडी सोडली तेव्हा जुन्या गोव्यात गोंयच्या सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या नोव्हेना, फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना, सुरू झाल्या होत्या. बांदा, पत्रादेवी, पेडणे कधी मागे पडलं ते नीट आठवत नाही. पहाटेच्या अंधारात टॉर्च, पुढे टेम्पोवर सायबाची मूर्ती, सगळ्यांच्या तोंडी नमान मोरिये ही मरियेची प्रार्थना आणि माझ्या हातात मायची माळ. माय म्हणजे माझी आजी. ती पावसाळ्यात गेली.

3 डिसेंबरच्या फेस्ताला, सायबाच्या सणाला, चालत पोचायचं, ही तिची आंगवण, तिचा नवस. 1986 साली मांडवीचा पूल कोसळला, त्या वर्षीही ती घरी बसली नाही. बेतीहून फेरीबोटीने पणजीत उतरली आणि रायबंदरच्या बांधावरून पुढे गेली. शेवटी शेवटी गुडघे चालेनात, तेव्हा खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत राहायची, "आपली माणसां पेडण्याक पोचली काय?"

मला खरं सांगायचंय ते कोलवाळच्या दुपारचं.

शापोऱ्याचा पूल ओलांडला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. टाचेचा फोड सकाळीच फुटला होता, आता मोजा त्याला चिकटला. बाजूने ट्रक हॉर्न वाजवत जात होते, टेम्पोवरच्या स्पीकरवर तेच गाणं परत परत लागत होतं आणि पुढचे लोक "चला, चला, म्हापशाला जेवण आहे" म्हणून ओरडत होते. मला सगळ्यांचा राग आला. माळेचा एक मणी पुढे सरकेना. मायचाही राग आला, की एवढी ओढ लावून ही बाई मला एकटीला रस्त्यावर सोडून गेली.

रस्त्याकडेच्या एका घराच्या सोप्यावर मी बसले. अंगणात तुळस होती. आतून एक म्हातारी बाई आली, माझ्या पायांकडे बघितलं आणि परत आत गेली. आली ती कोमट पाण्याची बालदी घेऊन. पाण्यात मीठ घातलं होतं. "बस गो बाय, गडबड कित्याक?" एवढंच म्हणाली. मी पाय आत घातले आणि कळ मस्तकात गेली. ती खाली बसली, चिकटलेला मोजा पाण्यातच हळूहळू सोडवला, टाच टिपून खोबरेल लावलं आणि जुन्या लुगड्याची पट्टी फाडून बांधली. मी पाय मागे घेत होते, ती पुन्हा पुढे ओढत होती. पायरीखाली एक खरजुलं कुत्रं पडलं होतं. माझं झाल्यावर तिने त्याच्यापुढे भात आणि बांगड्याचं डोकं ठेवलं. मग मला आवरेना.

माय रोज हेच करायची. आधी कुत्री, मग मांजरं, कोंबड्या, गाय, आणि मग आपण. नाताळच्या कुस्वारातला, म्हणजे फराळातला, पहिला वाटा गोठ्यात जायचा. आमचा काळू तिच्या मागोमाग मिस्सेला यायचा आणि चर्चच्या दारात पडून राहायचा. एकदा कुणीतरी त्याच्यावर काठी उगारली तेव्हा माय मिस्सा सोडून बाहेर आली. "मारू नको. तो पण तेच्याच बापाचो." संध्याकाळी तेर्स, म्हणजे माळेवरची प्रार्थना, संपला की ती एकेका माणसासाठी मागायची: मुंबईचा मुलगा, कुवेतची लेक, सगळी नातवंडं, आणि त्यांच्यामागोमाग त्याच सुरात गाय, काळू, मांजर.

सायबाची एकच गोष्ट ती आम्हाला पुन्हा पुन्हा सांगायची. 1552 साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर, आपल्या माणसांपासून लांब, तो तापाने गेला. "कोणाक असा मराक देव नये," म्हणायची. म्हणून काळू गेला त्या रात्री ती गोणपाटावर त्याच्या शेजारी बसून होती. तिच्या वेळी आम्ही सगळे होतो. मुंबई, कुवेत, सगळे.

म्हापशात मिलाग्रिस सायबिणीला, चमत्कारांच्या मरियेला, तेल वाहिलं. पर्वरी, पणजी, रायबंदर. रात्री जुन्या गोव्यात पोचलो.

बासिलिकात रांगेत धक्काबुक्की होती. पुढच्या बाईने फोन वर धरलेला, मागून कुणीतरी ढकलत होतं. सायबाचं शरीर ठेवलेली चांदीची पेटी संगमरवरी चौथऱ्यावर उंच, मान वर करून बघावी लागते. पुढे सरका म्हणेपर्यंत जेवढं जमलं तेवढं मागितलं. स्वतःसाठी काही मागायचं राहूनच गेलं, म्हापशापासून तेवढंच घोकत आले होते तरी.

फेस्ताच्या दुकानांतून खाजं घेतलं. माय घ्यायची तसं, शेजारच्या सगळ्या घरांना पुरेल एवढं. तेवढ्यात बाबांचा फोन आला. पाय कसे आहेत ते विचारलं, कोलवाळच्या बाईंचं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "मायचं मांजर दोन दिवस कुणाच्याच हातचं खात नाही. मासे आणून झाले, दूध झालं. मिस्सा झाली की पहिली गाडी पकड."