दिवा विझलेला, तरी गाडी नापास

चेक इंजिनचा दिवा पेटत नाही, गाडी मिसिंग मारत नाही, पिकअप ठीक आहे, धूर नाही, आणि तरीही उत्सर्जन तपासणीतून गाडी परत पाठवली. असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा कोड कुणी पुसला? समोरून बहुतेक वेळा "कुणीच नाही हो" असं उत्तर येतं. हे काका मात्र सरळ म्हणाले, "मीच पुसतो. दर वेळी."

मी लोकांच्या घरी जाऊन गाड्या स्कॅन करतो. कामाचा बराचसा वेळ उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, पेट्रोलच्या टाकीचं सैल झाकण आणि मरायला टेकलेल्या बॅटऱ्या यांतच जातो. त्यावर लिहिण्यासारखं फार काही नाही. या गाडीवर लिहितोय, कारण काम होऊन गेलं तरी ती डोक्यातून जात नाही.

काका निवृत्त, स्वभावाने कमालीचे नेटके. त्यांच्या वहीत प्रत्येक ड्राइव्ह सायकल, म्हणजे ठरावीक पद्धतीने मारलेली फेरी, लिहिलेली होती: गाडी किती वाजता चालू केली, किती मिनिटं जागेवर ठेवली, हायवेला कोणत्या वेगाने नेली, ब्रेक न लावता कुठपर्यंत सोडली. इतकी शिस्त मी गॅरेजवाल्यांतही पाहिलेली नाही. आणि एवढं करूनही स्कॅनरवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा पार्ट, आमच्या भाषेत कॅट) आणि इव्हॅप (पेट्रोलची वाफ अडवणारी यंत्रणा) या दोन मॉनिटरांसमोर, म्हणजे कॉम्प्युटरच्या चाचण्यांसमोर, "अपूर्ण" हेच दिसत होतं.

बाहेरच्यांना यातली मेख चटकन कळत नाही. अमेरिकेत १९९६ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ ही दोष शोधणारी यंत्रणा सक्तीची झाली आणि पुढे ती जगभर पसरली. त्यात गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच स्वतःची परीक्षा घेतो. मिसफायर आणि इंधनाचं मिश्रण यांवर त्याची नजर कायम असते. कॅट, ऑक्सिजन सेन्सर, इव्हॅप यांची परीक्षा मात्र ठरावीक परिस्थिती जुळून आली तरच होते. कोड पुसला की दिव्याबरोबर या सगळ्या परीक्षांचे निकालही पुसले जातात. म्हणून तपासणीवाले नुसता दिवा बघत नाहीत. परीक्षा झाली आहे का, हेही बघतात. अमेरिकेत ईपीए या पर्यावरण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार २००१ आणि नंतरच्या मॉडेलांना एकच मॉनिटर अपूर्ण असलेला चालतो. दोन असले की गाडी परत.

काका दर प्रयत्नाआधी कोड पुसत, कारण कुठल्याशा व्हिडिओत "शून्यापासून सुरुवात करा" असं सांगितलं होतं. अशा व्हिडिओवाल्यांना एकदा समोर बसवून विचारायची इच्छा आहे. पूर्ण झालेला मॉनिटर कोड पुसेपर्यंत किंवा बॅटरी काढेपर्यंत पूर्णच राहतो. एक आज झाला, दुसरा परवा झाला तरी काही बिघडत नाही. पुसलं की कमावलेलं सगळं जातं, आणि मिश्रणाबद्दल कॉम्प्युटरने जे शिकून ठेवलेलं असतं तेही बहुतेक गाड्यांत जातं. मुळात पुसायची गरजच काय? दोष खरोखर गेला असेल तर लागोपाठ तीन निर्दोष ड्राइव्ह सायकलींनंतर दिवा आपोआप विझतो आणि ४० वॉर्म-अपनंतर, म्हणजे थंड इंजिन तितक्यांदा पूर्ण तापल्यावर, कोडही निघून जातो. लोक पुसतात हे नियम करणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. म्हणून अमेरिकेत २०१० च्या मॉडेलांपासून टप्प्याटप्प्याने पर्मनंट कोड आले. ते ना स्कॅनरने जातात, ना बॅटरी काढून.

दुसरी गोष्ट, काका प्रत्येक फेरीआधी टाकी काठोकाठ भरत. इव्हॅपची परीक्षा म्हणजे टाकीतून पेट्रोलची वाफ गळते का ते बघणं. टाकी साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या मध्ये नसेल तर बहुतेक गाड्या ती परीक्षा सुरूच करत नाहीत. म्हणजे काकांचा नेटकेपणाच आडवा येत होता. यात त्यांचा दोष काय? या अटी कंपन्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पुरून ठेवतात. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात सीटबेल्ट कसा लावायचा यावर पानंच्या पानं असतात, मॉनिटरांवर फार तर एखादा परिच्छेद.

पण टाकीमुळे फक्त इव्हॅपचा उलगडा होत होता. कॅट का अडलं होतं? काकांनी आधीच्या गॅरेजची पावती दाखवली: "कूलंट टेंपरेचर सेन्सर बदलला. स्कॅनिंग केले." कोड कुठला होता याचा पत्ता नाही. कोडचा आकडा पावतीवर न लिहिणाऱ्या गॅरेजवाल्याने पैसे घेऊच नयेत असं माझं मत आहे. मला संशय आला तो पी०१२८ चा. त्याचा अर्थ इंजिन थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेच्या) तापमानापर्यंत पोचत नाही. आणि घाईतला माणूस त्यातला "तापमान" एवढाच शब्द वाचून तापमानाचा सेन्सर बदलतो.

म्हणून मी सकाळी लवकर गेलो. गाडी रात्रभर उभी होती. इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवली. कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं दिसलं. रात्रभर थंड झालेल्या गाडीत हे दोन जुळले तर सेन्सरवर शंका घ्यायला फारशी जागा उरत नाही. मग गाडी चालू केली आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवला. थर्मोस्टॅट बंद असतो तोवर हा होज थंड राहिला पाहिजे, आणि तो उघडला की एकदम चटका बसला पाहिजे. इथे होज पहिल्या काही मिनिटांतच कोमट झाला आणि तसाच हळूहळू तापत राहिला. थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता.

तरी आकड्यांशिवाय पार्ट बदलायचा नाही. काकांना गाडी चालवायला सांगितली आणि मी शेजारी स्कॅनर घेऊन बसलो. उभ्या गाडीत कूलंट रखडत ७४ अंशांपर्यंत गेलं. हायवेला लागताच समोरून वारा रेडिएटरवर आदळला आणि आकडा उतरत ६२ वर आला. निरोगी इंजिन तिथे ८५ ते ९५ अंशांच्या आसपास टिकून राहतं. कॅटची परीक्षा घ्यायला कॉम्प्युटरला गरम इंजिन आणि एकसारखा वेग दोन्ही एकाच वेळी हवेत. इथे वेग मिळाला की तापमान जात होतं. काका जितक्या निष्ठेने हायवेला जात, तितकं इंजिन थंड होत होतं.

डॅशबोर्डवरचा काटा मात्र पूर्ण वेळ मधोमध. तो काटा आता तापमान दाखवत नाही, मालकाची समजूत काढतो. कंपन्या तो असाच बसवतात, लोकांनी काळजी करू नये म्हणून. आणि पी०१२८ परत का आला नाही? तो कोड पक्का व्हायला लागोपाठ दोन फेऱ्यांत दोष दिसावा लागतो. पहिल्या फेरीत तो पेंडिंगमध्ये, म्हणजे कच्च्या नोंदीत, बसायचा, आणि दुसऱ्या फेरीआधी काका पाटी कोरी करायचे. त्यांनी गाडीला जोडलेल्या छोट्या स्कॅनरच्या, म्हणजे डोंगलच्या, ॲपमध्ये पेंडिंग कोड बघायचं पान होतं. ते त्यांनी कधी उघडलं नव्हतं.

थर्मोस्टॅट बदलला, कूलंट भरलं, सिस्टिममधली हवा काढली. टाकी अर्ध्यावर येऊ दिली आणि काकांना बजावलं की आता ॲपमधल्या पुसण्याच्या बटणाला हात लावायचा नाही. पुढच्या फेरीला मी मुद्दाम सोबत गेलो. ब्रेक न लावता गाडी सोडून दिली की मागचे लोक हॉर्नवर जो राग काढतात, तो सोसत बसणं हाही या धंद्याचा भाग आहे. हायवेवर कॅटचा मॉनिटर पूर्ण झाला तेव्हा काका लहान मुलासारखे खूश झाले. इव्हॅप नंतर, एका थंड सुरुवातीला झाला.

इथे बिल देऊन निघता आलं असतं. पण मला सवय आहे, मॉनिटर पूर्ण झाला की स्कॅनरवर मोड सहा हे पान उघडायची. तिथे परीक्षेचे गुण दिसतात, नुसतं पास-नापास नाही. या गाडीच्या कॅटची कमाल मर्यादा होती ०.७५, आणि गाडीचा आकडा ०.७१. पुन्हा घेतला तरी तिथेच. इतके महिने थंड चाललेल्या इंजिनाला कॉम्प्युटर जादा पेट्रोल पाजत होता, आणि त्यातलं न जळलेलं कॅटवरच जातं. कॅट आधीच थकलेलं होतं की थर्मोस्टॅटने थकवलं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही, कारण जुने सगळे निकाल पुसले गेलेत.

काकांना सांगितलं, "तपासणीत पास होईल. पण कॅट काठावर आहे, कधीतरी पी०४२०, म्हणजे कॅट कमजोर झाल्याचा कोड, येईल." तेव्हा ते म्हणाले, "अहो, मला गाडी विकायचीच आहे. गिऱ्हाईक ठरलंय, फक्त प्रमाणपत्र अडलं होतं."

गाडी पास झाली. मी बिलावर थर्मोस्टॅटच्या खाली कॅटचा आकडा आणि मर्यादा दोन्ही लिहिले. काकांनी ते वाचलं, थोडे नाराज झाले, पण खोडायला सांगितलं नाही. माझा एक सहकारी म्हणतो, तपासणीत जे विचारत नाहीत ते तू कशाला लिहितोस? ०.७१ म्हणजे पास, कायद्याने विषय संपला, आणि वापरलेल्या गाडीत सगळं नवं कुणी मागू नये. त्याचं बरोबर आहे. हा आकडा थोडा खालीवर होत राहतो आणि गाडी कदाचित अजून बराच काळ दिवा न पेटवता चालेल, हेही खरं. पण कॅट हा गाडीतल्या महागड्या पार्टांपैकी एक आहे, आणि तो आकडा दिसत असताना आपण तो पाहिलाच नाही असं बिल मला बनवता आलं नसतं.

बिलावर माझा नंबर आहे. घेणाऱ्याने फोन करून विचारलं तर सगळं सांगेन. स्वतःहून त्याला शोधून सांगायला जाणार नाही, एवढं सध्या ठरवलंय. सहकाऱ्याला हे फार वाटतं. बायकोला फार कमी.