आमची वाटचाल : पितळी गुंड ते विमानाचा पत्रा

भंडारा जिल्हा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जायचा. पवनी तालुक्यातल्या आमच्या घरीही आजोबा आणि बाबा गुंड, घंगाळ, परात घडवायचे. स्टील आलं, मग प्लास्टिक आलं आणि बाबा ट्रॅक्टरचे मडगार्ड ठोकू लागले. मीही तेच करत राहिलो असतो.

वायुदलातून निवृत्त होऊन गावी परतलेले एक काकाजी दुकानात बसायचे. एका संस्थेच्या आवारात चौथऱ्यावर उभ्या असलेल्या एचटी-२ चं काम त्यांनीच आणलं. डॉ. वि. मा. घाटगे यांनी आखलेलं हे शिकाऊ विमान १९५१ मध्ये पहिल्यांदा उडालं. त्याच्या इंजिनावरचं झाकण, म्हणजे काऊलिंग, सडून गेलं होतं.

दोन्ही अंगांनी बाक असलेला पत्रा लाकडी साच्यावर मोगरीने उतरवायचा, मग मठारायचा, म्हणजे हलक्या ठोक्यांनी गुळगुळीत करायचा. बाबांच्या हाताला ते नवं नव्हतं. घोडं अडलं तापवण्यात. ठोकून कडक झालेलं पितळ आम्ही भट्टीत लाल करून नरम करतो. ॲल्युमिनियम रंगच बदलत नाही. ६६० अंशांच्या आसपास थेट वितळतं. बाबा वैतागले, “हे लाल काऊन नाही होत बाप्पा?” काकाजींनी ॲसिटिलिनच्या धुरकट ज्योतीने पत्र्यावर काजळी धरली, मग ज्योत स्वच्छ करून ती काजळी उडेपर्यंत फिरवली. काजळी गेली की थांबायचं. साबणाची रेघ ओढली तर ती काळी पडते, तीही खूणच. अर्थात हे मऊ जातीच्या पत्र्यापुरतं. सुमारे ४ टक्के तांबं असलेल्या, ‘२०२४’ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या पत्र्याला तापमान मोजणारी भट्टीच हवी. ते आम्ही बाहेरून करून घेतो.

तेव्हापासून पितळेची आणि ॲल्युमिनियमची शेड वेगळी आहे. पितळेचा कीस ॲल्युमिनियमवर राहिला आणि ओल लागली की पत्रा खाल्ला जातो. शिसपेन्सिलीलाही बंदी, कारण तिच्यातलं ग्राफाईटही तेच करतं. खुणा स्केचपेनने.

चौथऱ्यावरच्या विमानाला “नुसता रंग मारून द्या” म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो. आधी पोटाखालची पाणी जायची भोकं पाहतो. पालापाचोळा आणि कबुतरांच्या विष्ठेने ती बुजलेली असतात, पाणी आत साचतं आणि चकचकीत रंगाखाली पत्र्याचे पापुद्रे सुटतात.

उडणाऱ्या विमानाचे भाग आमच्या नावाने देत नाही. त्याला डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता लागते, प्रत्येक पत्र्याचा दाखला लागतो. मान्यता असलेल्यांनी साचे मागितले तर करून देतो. लोकांना यात कमीपणा वाटतो, मला नाही.

सध्या शेडमध्ये पुष्पक नावाच्या एका छोट्या विमानाचा सांगाडा आहे. स्टीलच्या नळ्या आणि त्यावर कापड. पंखाच्या बरगड्यांना कापड टाचायला गावातल्या शिवणकाम करणाऱ्या ताई येतात. गाठी त्यांनी भराभर उचलल्या. कापड ताणणारा लेप, म्हणजे डोप, मात्र दमट हवेत पांढरा पडतो, म्हणून तो दिवाळीनंतरच लावू.