स्वर्गातील आई आणि एक कविता
नवरात्रात मुंबादेवीच्या रांगेत उभी असताना मला एलायझा स्नो या मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत उदयाला आलेल्या एका ख्रिस्ती पंथाच्या, कवयित्रीची आठवण झाली. पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या हत्येनंतरच्या वर्षी, म्हणजे १८४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या कवितेत, स्वर्गात पिता एकटाच कसा असेल, तिथे माझी आईही असलीच पाहिजे, असे ती तर्काच्या आधाराने ठामपणे म्हणते. पुढे हीच कविता स्तोत्र म्हणून गायली जाऊ लागली. एका श्रद्धेला इतके स्पष्ट शब्द एका स्त्रीच्या कवितेने द्यावेत, याचे जात्यावर ओव्या रचणाऱ्या आपल्या आज्यांना बहुधा नवल वाटले नसते.

मात्र आपल्याकडे देवीला थेट साकडे घालता येते. मॉर्मन चर्चला स्वर्गीय माता मान्य असली, तरी तिची प्रार्थना करणे योग्य नाही, असे चर्चचे एक नेते गॉर्डन हिंकली यांनी १९९१ मध्ये सांगितले, आणि चर्चच्या १९९५ च्या कुटुंबविषयक घोषणापत्रातही उल्लेख आहे तो ‘स्वर्गीय माता-पित्यां’चा, एकट्या मातेचा नाही. प्रार्थनेत जिला हाक मारता येत नाही, तिच्यासाठी मॉर्मन स्त्रिया आजही कविता लिहितात, चित्रे काढतात.

माझ्या पुढची बाई तेवढ्यात गाभाऱ्यापाशी पोहोचली आणि देवीशी चक्क भांडू लागली.